रोम फुकट धान्याने बुडाले नाही

रोममध्ये राहून मराठी वाहिन्यांवरील चर्चा ऐकताना एक विधान वारंवार कानांवर येते, ते म्हणजे फुकट धान्य वाटून रोम बुडाले आणि आपणही त्याच वाटेने निघालो आहोत. विषय ‘लाडकी बहीण’ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांचा असो वा मोफत रेशनचा, दाखला हाच. या योजनांवर टीका जरूर व्हावी, परंतु ज्या इतिहासाची साक्ष काढली जाते, तो तसा घडलेला नाही.

आधी प्रश्न उभा राहिला तो जमिनीचा. धनिकांनी बळकावलेल्या सार्वजनिक जमिनीवर टायबेरियस ग्राकस या लोकांनी निवडलेल्या अधिकाऱ्याने इ.स.पू. १३३ मध्ये ५०० युगेरांची, म्हणजे सुमारे ३०० एकरांची मर्यादा लागू केली, तेव्हा सिनेट या उमरावांच्या सभेच्या सदस्यांनी त्याला समर्थकांसह ठार मारून प्रेते टायबर नदीत फेकली. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ साली करणाऱ्या महाराष्ट्राला हा झगडा परका वाटू नये. सवलतीच्या दराचे धान्य त्यानंतर दहा वर्षांनी त्याच्या भावाने, गायसने सुरू केले. ते फुकट झाले इ.स.पू. ५८ मध्ये.

त्या धान्यावर लोक ऐतखाऊ झाले, हेही मला पटत नाही. महिन्याला मिळत पाच मोडियस, म्हणजे साधारण ३३ किलो गहू, आणि तोही केवळ नागरिक पुरुषांना. स्त्रियांची नावे यादीत नसत. घरभाडे, तेल, सरपण कमवावेच लागे. रोमच्या पोर्ता माज्जोरे या जुन्या वेशीजवळ युरिसाकेस या बेकरीवाल्याची कबर आहे. तिच्या माथ्यावरील शिल्पपट्टीत गाढवांनी फिरवलेली जाती, पीठ चाळणारे, कणीक मळणारे, भट्टीत पाव सरकवणारे आणि टोपल्या तोलणारे कामकरी ओळीने कोरलेले दिसतात. हे शहर राबणाऱ्यांचे होते.

‘भाकरी आणि खेळ’ हे जुव्हेनल या कवीचे शब्द तर अर्धेच सांगितले जातात. त्याची तक्रार अशी होती की, एकेकाळी सत्तापदे आणि सैन्याचे अधिकार बहाल करणारी जनता आता या दोनच गोष्टींची आस धरून बसली आहे. ती पदे देण्याचा अधिकार जनतेने धान्याच्या बदल्यात विकला नव्हता, इ.स. १४ मध्ये सम्राट टायबेरियसच्या कारकिर्दीत निवडणुका जनसभांकडून काढून सिनेटकडे सोपवण्यात आल्या. म्हणूनच मला १,५०० रुपयांपेक्षा, मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेल्या नगरसेवकांविना प्रशासकाने चालवली, याची चिंता जास्त वाटते. रोमचा दाखला द्यायचाच असेल, तर तो तिथे द्यावा.