आ वासलेला टप

माझ्या डाव्या बुटात अजून पाणी आहे. त्यामुळे हे शांत डोक्याने लिहिलं जाईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

माझी गाडी उघड्या टपाची, म्हणजे बटण दाबलं की छप्पर घडी होऊन मागे जाणारी आणि परत येणारी. पावसाचा पहिला थेंब नाकावर पडला, गाडी बाजूला घेऊन मी बटण दाबलं, टप मागून ऐटीत उठला, अर्ध्यात आला आणि थबकला. ना उघडा, ना बंद. डॅशबोर्डवर एक पिवळी खूण आणि 'टुंग टुंग'. नेमके तेव्हाच छत्री घेतलेले एक गृहस्थ गाडीशेजारी येऊन उभे राहिले.

"मुद्दाम असं ठेवलंय का?"

"नाही, अडकलंय."

"नाही, हल्ली काय काय फॅशनी निघतात. म्हणून विचारलं." मग पिवळ्या खुणेकडे वाकून, "काय म्हणतेय ती?"

ती काहीच म्हणत नाही, हेच तर दुखणं आहे. टप हलवण्यापूर्वी कंट्रोल युनिट, म्हणजे टपाचा मेंदू, दहा ठिकाणी विचारपूस करतं. डिकी लागली आहे का? डिकीतला सामान अडवणारा पडदा आपल्या खाचेत आहे का? काचा खाली आल्या का? बॅटरीत दम आहे का? गाडी उभी आहे का? (काही गाड्या ताशी 30 ते 50 किलोमीटरपर्यंत चालताचालताही टप हलवू देतात, काही अजिबात नाही.) प्रत्येक ठिकाणी एक मायक्रोस्विच किंवा सेन्सर बसलेला असतो आणि त्यातल्या एकाने जरी मान हलवली नाही तरी सगळं ठप्प. एका टेबलावर सही राहिली की फाइल अडते, तसंच. आणि सही कोणत्या टेबलावर राहिली ते कळायला वेगळा अर्ज, म्हणजे गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर लावावा लागतो. कोणता स्विच नाही म्हणतोय हे युनिटला नेमकं माहीत असतं. ते मालकाला सांगायला काय जातं?

स्कॅनर नसेल तर कान लावायचा. बटण दाबल्यावर 'घूंऽऽ' आवाज येतो पण टप हलत नाही, तर पंप फिरतोय आणि दाब तयार होत नाही : तेल कमी, कुठेतरी गळती, किंवा पंपाचा बायपास स्क्रू (टप हाताने हलवायचा असेल तेव्हा कोंडलेल्या तेलाला वाट देणारा) ढिला. नुसतं 'टक्' झालं तर रिले (मोटरला वीज जोडणारा स्विच) काम करतोय, वीज पुरत नाही. चिडीचूप असेल तर फ्यूज, बटण, मोटर, नाहीतर ती राहिलेली सही. माझी गाडी चिडीचूप होती. गृहस्थ नव्हते.

"रिमोटचा सेल गेला असेल."

"टपाला रिमोटचा सेल लागत नाही."

"ही बघा." त्यांनी छत्रीचं बटण दाबलं. खट्. छत्री मिटली. भर पावसात ते माझ्यासमोर उघड्या डोक्याने उभे राहिले, केवळ मला पटावं म्हणून. पुन्हा खट्. उघडली. "एक स्प्रिंग, आठ काड्या. आजवर तक्रार नाही. तुमच्यात काय काय आहे?"

आता काय सांगणार? इलेक्ट्रिक मोटर, तिला जोडलेला हायड्रॉलिक पंप, तेलाच्या नळ्या, दोन्ही बाजूंना सिलिंडर, पुढच्या काचेवर कुलूप. तरी हे काहीच नाही. 1957 साली फोर्डने स्कायलायनर काढली, तिचा लोखंडी टप घडी होऊन डिकीत जायचा. त्यासाठी 610 फूट वायर लागली होती. आणि त्याही आधी, 1934 मध्ये प्यूजोने जी घडीच्या टपाची गाडी आणली, त्या टपाची कल्पना जॉर्ज पोलँ नावाच्या माणसाची. पेशाने दंतवैद्य. आ वासून अडकलेल्या जबड्याखाली भिजत बसल्यावर यात मला काहीही नवल वाटलं नाही.

हे सगळं मी बोलून दाखवलं नाही. तेवढ्यात छत्री एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्यांनी टपाची कड पकडलीच होती. "होऊ दे जोर!"

मी ओरडलो. गृहस्थ दुखावले. पण बायपास स्क्रू न सोडता टप ढकलणं म्हणजे सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलाशी कुस्ती. तेल दबत नाही, मग वाकते ती चौकट किंवा फुटते ती नळी.

डिकी उघडली. पडद्याचा डावा आकडा निसटलेला. का? तर खाली एक पिशवी फुगून बसलेली आणि पिशवीत माझी छत्री. गृहस्थांनी ती पाहिली. काही बोलले नाहीत, पण न बोलण्याचीही एक पद्धत असते.

आकडा बसवला, डिकी लावली, बटण दाबलं. 'टक्'. माझीच करणी. मघापासून इंजिन बंद पण चावी चालू ठेवून मी ते बटण दारावरच्या घंटीसारखं दाबत होतो, बॅटरी उतरली. इंजिन चालू ठेवून दाबायला हवं होतं. बरं, सारखं सारखं चालवलं तर मोटरही तापते आणि थंड होईपर्यंत हूं की चूं करत नाही, तो वेगळा वनवास.

उरला हाताचा उपाय. चावी बंद करून थोडं थांबायचं, दाब उतरू द्यायचा. पंप बहुधा डिकीत अस्तराच्या मागे, नाहीतर मागच्या सीटच्या पाठीशी सापडतो. त्याचा बायपास स्क्रू पुस्तिकेत सांगितला असेल तेवढाच सोडायचा. पूर्ण काढला तर तेल बाहेर. मग दोन माणसांनी दोन बाजूंनी एकदम टप उचलायचा. एकदम, हे महत्त्वाचं. एक बाजू पुढे गेली तर चौकट पिळवटते. बिजागऱ्यांत बोटं घालायची नाहीत.

दोन माणसं, म्हणजे मी आणि ते.

"छत्री खाली ठेवावी लागेल," मी म्हणालो.

"एका हाताने नाही का होणार?"

"नाही."

"मग मी भिजेन की."

गेला अर्धा तास हा मनुष्य माझ्यापासून हातभर अंतरावर भल्याथोरल्या छत्रीखाली उभा होता. सीटवर नको, माझ्यावर नको, निदान त्या बटणावर तरी ती धरावी? हे मला अजून पचलेलं नाही. शेवटी छत्री ठेवली त्यांनी. मिटून, माझ्या ओल्या सीटवर. टप पुढे आला, काचेच्या चौकटीवर टेकला, टोपण काढून ॲलन कीने कुलूप फिरवलं. आठवणीने बायपास स्क्रूही परत आवळला. तो ढिला राहिल्यामुळे चांगले पंप बदलले गेले आहेत. 'घूंऽऽ' होतंय पण हलत नाही, म्हणजे पंप गेला, असं गॅरेजवाले फार पटकन ठरवतात.

एकच खोट राहिली. ओला टप घडी करून ठेवू नये, बुरशी धरते. माझा बाहेरून ओला, आतून ओला आणि खाली बसायला मी.

'टुंग टुंग' चालूच होतं. गृहस्थांनी पुन्हा वाकून पाहिलं.

"आता काय म्हणतेय?"

"डिकी उघडी आहे म्हणतेय."

"बघा," ते छत्री उचलत म्हणाले, "सांगते की ती."