राणीचा हीरक महोत्सव आणि गणेशखिंडीचा रस्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. व्हिक्टोरिया राणीच्या १८९७च्या हीरक महोत्सवावरच्या माझ्या लेखात लंडनच्या मिरवणुकीला पाच परिच्छेद आणि पुण्याला जेमतेम दीड, हे तुम्हाला खटकलं. ‘मराठी माणसानं त्या दिवशीचे घोडे मोजायचे की चापेकरांचं नाव घ्यायचं?’ असं तुम्ही विचारलंत. शिवाय मुंबईच्या व्हीटी (व्हिक्टोरिया टर्मिनस) स्टेशनचं नाव या समारंभातलं नव्हे, हेही दाखवून दिलंत.

आधी ते स्टेशन. तुमचं बरोबर आहे. ते नाव १८८७च्या सुवर्णमहोत्सवातलं. मुंबईच्या व्हीजेटीआय या तांत्रिक शिक्षणसंस्थेच्या मूळ नावातली ‘ज्युबिली’ही तीच. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

मिरवणुकीचे परिच्छेद मात्र मी कमी करणार नाही. तुम्ही म्हणता तो एक म्हातारीचा थाटमाट होता. मला तो थाटमाट वाटत नाही, ते राजकारण वाटतं. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी युरोपातल्या राजांना बाजूला ठेवून वसाहतींचे पंतप्रधान बोलावले, साम्राज्यभरातून पलटणी आणवल्या, त्यांत हिंदुस्थानी घोडदळाचे अधिकारीही होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या राणीला सेंट पॉल चर्चच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून प्रार्थनाच पायऱ्यांवर झाली आणि ती बग्गीत बसून राहिली. निघण्यापूर्वी तिनं राजवाड्यातून एक तार सोडली, सगळ्या साम्राज्यासाठी: माझ्या प्रिय प्रजेचे मी मनापासून आभार मानते, देव त्यांचं कल्याण करो.

त्या ‘प्रिय प्रजे’त पुणंही होतं. लेख लिहिताना माझा हात याच शब्दांपाशी थांबला होता. त्या वसंतात प्लेग आवरायला नेमलेल्या कमिटीचा प्रमुख, इंग्रज अधिकारी रँड, याचे गोरे सोजीर पुण्यात घराघरांत शिरले, थेट स्वयंपाकघरात, देवघरात. माणसं छावण्यांत नेली, सामान जाळलं. तुम्ही लिहिलंय की महोत्सवाच्या दिवशी, २२ जूनला, ही मोहीम ऐन भरात होती. तसं नव्हतं, ती मे महिन्यातच आटोपली होती. मला ते जास्त भयंकर वाटतं. घरं नुकती कुठे सावरत होती आणि सरकारनं गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यावर मेजवानी मांडली. देशात दुष्काळही होताच. लंडनला ठरलेला उत्सव इथेही त्याच तारखेला झाला पाहिजे, एवढंच सरकारला दिसत होतं.

लंडनमध्ये सकाळी अकराच्या पुढे मिरवणूक निघाली तेव्हा पुण्यात दुपारचे चार वाजून गेले होते. मध्यरात्रीच्या सुमारास मेजवानीहून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. दुसऱ्या गाडीतला लष्करी अधिकारी आयर्स्ट दामोदरांचे भाऊ बाळकृष्ण यांच्या गोळीनं जागीच गेला. तेव्हा लंडनला संध्याकाळच होती, समारंभाचा दिवस अजून मावळायचा होता. म्हणून मला या दोन गोष्टी वेगळ्या लिहिता येत नाहीत. चापेकरांनी दिवस निवडला तो का, हे ती मिरवणूक बाजूला काढली तर कळतच नाही. रँड ३ जुलैला मेला. जुलै संपायच्या आत टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरात राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा. पुढे तिघे चापेकर बंधू आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले.

एका बाबतीत तुमचा राग मला पुरेपूर पटतो. पुण्यावर मी दीडच परिच्छेद लिहिला आणि त्यात सावित्रीबाई फुले आल्या नाहीत. त्या १० मार्च १८९७ला गेल्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनंच. उत्सवाच्या साडेतीन महिने आधी. तो गव्हर्नर बंगला आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि त्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मी त्या इमारतीसमोरून कित्येकदा गेलोय आणि तरी हे लेखात राहिलं, याचं वाईट वाटतं. आता भर घातली आहे.

तुमच्या पणजीनं सांगितलेली जळालेल्या गाद्यांची आणि परसात पुरलेल्या देवांची हकिकत तुम्ही दोनच ओळींत लिहिलीत. पेठ कोणती होती, देव परत कधी काढले, घरातलं कोण छावणीत गेलं होतं, जेवढं आठवेल तेवढं लिहून पाठवाल का? तुमची परवानगी असेल तर त्या दीड परिच्छेदाच्या पुढे मी ते तुमच्याच शब्दांत छापेन.