मुस्लिम बायकांना हक्क नकोत, हे कुणी ठरवलं?

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो आधी माहेरच्या ग्रुपवर आला, मग भिशीच्या, मग वकिलांच्या. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मुस्लिम बायकांनाच स्वातंत्र्य नको आहे. इन्स्टाग्राम उघडा, चांगल्या शिकलेल्या मुली हिजाबात बसून ‘आम्हाला फेमिनिझम नको’ असं सांगताना दिसतील. त्यांच्यातून कधी कुणी आवाज उठवला नाही, जे मिळालं ते कोर्टाने आणि सरकारने दिलं. आपल्या इंदूरच्या शाहबानोने तर जिंकलेली केस परत केली. मग आपण का जीव जाळायचा?

मी इथल्या कुटुंब न्यायालयात भरण-पोषणाची प्रकरणं चालवते. अशा रील आहेत, एवढं या मेसेजमधलं खरं. बाकीचं खोटं आहे, आणि ते आपल्या गावाच्या नावाने पसरतंय म्हणून लिहिते आहे.

शाहबानोबद्दल आधी. लग्न 1932 सालचं, नवरा वकील, पाच मुलं. 1975 मध्ये नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं. एप्रिल 1978 मध्ये तिने इंदूरच्या मॅजिस्ट्रेटकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, म्हणजे पोटगीसाठी, अर्ज केला आणि महिना 500 रुपये मागितले. तेव्हा ती साठी ओलांडलेली होती. अर्ज चालू असतानाच, 6 नोव्हेंबर 1978 रोजी, नवऱ्याने तलाक दिला आणि आता ही माझी बायकोच नाही तर खर्च कसला, अशी भूमिका घेतली. ऑगस्ट 1979 मध्ये मॅजिस्ट्रेटने किती बांधून दिले? महिना 25 रुपये. नवऱ्याची वकिलीची कमाई वर्षाला साठ हजारांच्या आसपास आहे, असं तिचं म्हणणं होतं. ती पंचवीस रुपये घेऊन गप्प बसली नाही. हायकोर्टात गेली, आणि जुलै 1980 मध्ये रक्कम 179 रुपये 20 पैसे झाली.

सुप्रीम कोर्टात ती स्वतः गेलीच नव्हती. अपील नवऱ्याचं होतं. 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फेटाळलं आणि वर दहा हजार रुपये खर्च द्यायला लावला. मग तिने परत काय केलं? अपील तिचं नव्हतं, ते मागे घेणं तिच्या हातात नव्हतं, आणि अंतिम निकाल पत्र लिहून रद्द होत नाही. नोव्हेंबर 1985 मध्ये तिच्या अंगठ्याचं, निकाल नाकारणारं पत्र प्रसिद्ध झालं, हे खरं आहे. त्या वेळी देशभर निकालाविरुद्ध मोर्चे निघत होते, आणि आपल्यावर किती दबाव होता हे तिच्या घरच्यांनी नंतर सांगितलं आहे. सात वर्षं तीन कोर्टांत टिकून राहिलेल्या म्हातारीला काय हवं होतं, ते त्या एका कागदावरून ठरवायचं की त्या सात वर्षांवरून?

‘सरकारने दिलं’ म्हणणाऱ्यांनी पुढचंही वाचावं. 1986 मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने तलाकशुदा मुस्लिम बाईचा कलम 125 चा रस्ता अडवला. त्या कायद्याला आव्हान दिलं ते शाहबानोचेच वकील दानियल लतीफी यांनी. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला, पण इद्दतच्या काळात, म्हणजे तलाकनंतरच्या साधारण तीन महिन्यांत, नवऱ्याने द्यायची तरतूद बाईच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी हवी, असा त्याचा अर्थ लावला. आणि 10 जुलै 2024 च्या निकालाने कलम 125 तिला लागू आहेच, हे स्पष्ट केलं. इंदुरातल्या एका बाईच्या अर्जापासून इथपर्यंत यायला शेहेचाळीस वर्षं लागली.

‘कुणी आवाज उठवला नाही’ याला उत्तर मराठी माणसाला तरी द्यावं लागू नये. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेल्या. सातच होत्या, पण त्या काळात घरून निघायला काय लागलं असेल, याचा विचार करा. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. हाजी अली दर्ग्याच्या आतल्या भागात बायकांना जाऊ द्या, म्हणून मुंबई हायकोर्टात गेल्या त्या झकिया सोमण आणि नूरजहाँ सफिया नियाज. 2016 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. एका दमात दिलेला तलाक 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्द झाला, त्यामागे शायरा बानो आणि तिच्यासारख्या, नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांच्या याचिका होत्या. आपल्याच राज्यातल्या भोपाळवर शंभराहून जास्त वर्षं बेगमांनी राज्य केलं, आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती त्यांतल्याच सुलतान जहाँ बेगम होत्या. अहिल्याबाईंचा अभिमान सांगणाऱ्या गावाला हे माहीत असायला हवं.

आता त्या रील. मी त्या पाहते, कारण माझ्या अशील पाहतात. मागे इथल्या खजराना भागातली एक मुलगी लग्नाआधीच सल्ल्याला आली, सोबत मावशी. तिने मोबाइलवर सेव्ह केलेली एक रील मला दाखवली. नकाब घातलेली बाई सुरुवातीलाच सांगते की मी फेमिनिस्ट नाही. मग पुढे सांगते की निकाहनाम्यात अटी लिहून घेता येतात, दुसरं लग्न केलंस तर तलाकचा हक्क माझ्याकडे, असंही लिहून घेता येतं, आणि मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, ही बाईची स्वतःची आहे. मुलीचा प्रश्न होता, हे कोर्टात टिकतं का? मी म्हटलं, नीट लिहिलं तर टिकतं. मावशी घाबरली होती, मुलाकडचे काय म्हणतील म्हणून. मुलगी म्हणाली, “मैडम, फेमिनिस्ट-वेमिनिस्ट कुछ नहीं, मुझे तो लिखा हुआ चाहिए.”

या मुलीला हक्क नकोत, असं कोण म्हणेल?

‘फेमिनिझम नको’ म्हणणाऱ्या सगळ्या एका माळेच्या नाहीत. काहींना खरोखरच नवऱ्याची आज्ञा हाच धर्म वाटतो, आणि त्या तसं सांगतातही. पण पुष्कळजणींचा राग त्यांना ‘सोडवायला’ येणाऱ्यांवर आहे. 2013 मध्ये युरोपात फेमेन गटाच्या बायकांनी मशिदीसमोर उघड्या छातीने निदर्शनं केली, मुस्लिम बायकांच्या नावाने. तेव्हा शेकडो मुस्लिम बायकांनी स्वतःचे फोटो टाकून कळवलं की आमच्या वतीने तुम्ही बोलू नका. 2022 मध्ये कर्नाटकात मुलींना हिजाबामुळे कॉलेजच्या फाटकावर अडवलं. स्त्रीवाद म्हणजे आपली ओढणी काढायला लावणारे लोक, असं त्या वयात मनात बसलं तर ते चटकन निघत नाही.

दुसऱ्या बाजूलाही एकमत नाही. अमिना वदूद यांच्यासारख्या अभ्यासक कुराणच नव्याने वाचून समतेचा आधार दाखवतात. मुंबईच्या बेबाक कलेक्टिव्ह या मुस्लिम बायकांच्या गटाला संविधानाची भाषा जवळची. 2019 च्या कायद्याने एका दमात तलाक देणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा आणली, तेव्हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने ती उचलून धरली आणि बेबाकने विरोध केला. हे सगळं रोज फोनवर, एकमेकींच्या कमेंटखाली, आयतांचे क्रमांक देऊन चालतं. जिथे बायका इतकं कडकडून भांडतात, तिथे काही घडत नाही हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

‘इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच सगळं दिलंय’ म्हणणाऱ्या भगिनींशी मात्र माझा वाद आहे, आणि तो मी लपवणार नाही. 1937 च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कुराणात लिहिलेला मुलीचा वाटा सातबाऱ्यावर, आमच्याकडच्या खसऱ्यावर, आपोआप चढत नाही. आज रीलमधून ‘एका दमातला तलाक होतच नाही’ असं ठामपणे सांगता येतं, ते 2017 च्या याचिकांमुळे. त्या बायकांचं ऋण मानायला स्वतःला फेमिनिस्ट म्हणवण्याची गरज नाही.

आणि आपल्याकडच्या बायकांचं काय? 2016 मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाऊ पाहणाऱ्या बायकांना अडवणाऱ्यांत गावातल्या बायकाही होत्या. शबरीमला मंदिरात बायकांना प्रवेश द्यायच्या वादावेळी ‘आम्ही थांबायला तयार आहोत’ अशी मोहीम हिंदू बायकांनीच चालवली. त्यावरून ‘हिंदू बायकांनाच हक्क नकोत’ असा मेसेज कुणी फिरवला नाही. मग हाच निकष इथे का?

राहिलं ते ‘मग त्या उघड का बोलत नाहीत’. बोलतात, आणि त्याची किंमत मोजतात. जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाच्या अॅपवर पत्रकार, वैमानिक, कार्यकर्त्या अशा मुस्लिम बायकांचे फोटो लिलावाला मांडले गेले. जानेवारी 2022 मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाने पुन्हा तेच. पहिलं अॅप बनवल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी ज्या तरुणाला पकडलं, तो आपल्या इंदूरचा. त्या दिवशी आपल्या ग्रुपांवर कुणी काही लिहिलं नाही, मीसुद्धा फक्त बातमी वाचली. बोललं की घरचे धर्म बुडवतेस म्हणणार आणि बाहेरचे फोटोचा लिलाव करणार, अशा जागी उभं राहून ज्या मुली कॅमेऱ्यासमोर तोंड उघडतात, त्यांना भित्र्या म्हणू नका.

मेसेज पाठवणाऱ्या काकांना आणि काकूंना एकच विनंती. तो पुढे पाठवायच्या ऐवजी हे पाठवा: कलम 125 आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 आहे आणि ते हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन सगळ्या बायकांना सारखंच लागू आहे. अंतरिम खर्चाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं त्यातच म्हटलंय. तारीख लांबली तर वकिलाला हे दाखवा. आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो.