बंदरातला गाळ आणि ‘पाण्यात घातलेला’ पैसा

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा गोषवारा असा: बंदरातला गाळ काढण्यावर सरकारं जनतेचा पैसा पाण्यात घालतात. काढलेला गाळ परत येतोच. फायदा बड्या जहाज कंपन्यांचा होतो, तर खर्चही त्यांनीच करावा. खाजगी बंदरं नाही का स्वतःच्या खर्चाने चालत? वर तो गाळ समुद्रात ओतून मासे मारले जातात. म्हणून हा निधी बंद करा.

यामागचा राग मला समजतो. सगळं काम पाण्याखाली. किती झालं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि अशा कामात गैरव्यवहाराला जागा असते. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मान्य झाला तर फार मोठं नुकसान होईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गाळ परत येतो, म्हणजे खर्च फुकट.’

गाळ परत येणारच. नदीच्या पाण्यातली माती प्रवाहाच्या वेगावर तरंगत राहते. बंदरातलं पाणी मुद्दाम शांत ठेवलेलं असतं, नाहीतर जहाज धक्क्याला लागणार कसं? पाणी शांत झालं की माती खाली बसते. नदीमुखाशी आणखी एक गोष्ट घडते. समुद्राचं खारं पाणी जड असल्यामुळे ते तळाने आत शिरतं, आणि नदीचं गोडं पाणी वरून बाहेर जातं. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या तळाशी जातात, आणि तळाचा प्रवाह त्यांना समुद्राकडे न्यायचं सोडून उलट आत ढकलतो. मार्ग जितका खोल कराल तितकं हे खारं पाणी आणखी आत येतं. म्हणजे माणसाने खोल केलेला मार्ग भरून येण्याच्याच वाटेवर असतो. घराच्या छपराला दर काही वर्षांनी डागडुजी लागते म्हणून छप्पर फुकट गेलं असं आपण म्हणत नाही.

जर्मनीतल्या हाम्बुर्गचं उदाहरण बघा. एल्बे नदीचा मार्ग मोठ्या जहाजांसाठी आणखी खोल केला आणि २०२२ च्या सुरुवातीला तो पूर्ण क्षमतेने खुला झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस गाळामुळे जहाजांना दिलेली वाढीव खोली बरीचशी मागे घ्यावी लागली. मजकूर लिहिणारा म्हणेल, बघा, पैसे बुडाले. मी यातून वेगळी गोष्ट घेतो: मार्ग खोल करण्याचा एकवेळचा खर्च मंजूर होतो त्याच कागदावर पुढच्या दरवर्षीच्या देखभालीची तरतूद हवी. पहिल्या खर्चाचं उद्घाटन होतं, दुसऱ्याचं होत नाही. म्हणून कात्री नेहमी दुसऱ्यालाच लागते.

आणि गाळाने जिंकायचं ठरवलं तर काय होतं तेही इतिहासात आहे. तुर्कस्तानातलं एफिसस एकेकाळी बंदर होतं; त्याचे अवशेष आज समुद्रापासून काही किलोमीटर आत उभे आहेत. बेल्जियममधली झ्विन खाडी भरत गेली आणि तिच्यावर जगणारं ब्रुज शहराचं बंदर संपलं. सोपाऱ्याचं बंदर आपल्याला माहीतच आहे. आज तिथे उभं राहिलं तर जहाजं इथे येत होती यावर विश्वास बसत नाही.

‘फायदा जहाज कंपन्यांचा.’

इथे थोडं गणित करू. ३०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद जहाज घ्या. पाण्याच्या पातळीवरचा त्याचा आकार पुऱ्या आयताच्या ८० टक्के धरला तर क्षेत्रफळ १०,८०० चौरस मीटर येतं. हे जहाज एक सेंटिमीटर खोल बुडवायला साधारण ११० टन माल लागतो. बंदराची खोली अर्धा मीटर कमी झाली की या जहाजाला जवळपास ५,५०० टन माल मागे ठेवून यावं लागतं. जहाजाचं भाडं, खलाशांचे पगार, जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटची फी यांत काही फरक पडत नाही, इंधनही फारसं वाचत नाही. तो सगळा बोजा कमी टनांवर वाटला जातो आणि दर टनामागचा खर्च वाढतो. तो कोण भरतं? खत, कोळसा, धान्य मागवणारा, आणि त्याच्यामागून ते विकत घेणारा. जहाज कंपनी दर वाढवते, नाहीतर दुसरं बंदर धरते.

मार्ग बंद झाल्यावर कोण अडकतं हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात दिसलं. २६ मार्च २०२४ च्या पहाटे डाली हे जहाज पुलाच्या खांबावर आदळलं, पूल कोसळला, सहा कामगारांचा जीव गेला आणि बंदराचा मुख्य मार्ग ढिगाऱ्याने अडला. सुमारे ५०,००० टन ढिगारा काढून मार्ग मूळ रुंदी-खोलीला यायला १० जून उजाडला. तिथला अडथळा गाळाचा नव्हता, पण धडा तोच आहे. जहाजं इतर बंदरांकडे वळली. गोदीतले कामगार आणि ट्रकवाले कुठे वळणार होते?

‘वापरतात त्यांनीच भरावं.’

हा मजकुरातला सगळ्यात सयुक्तिक मुद्दा, आणि तो अर्धा मला मान्य आहे. पण लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की वापरणारे काहीच भरत नाहीत. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने मालाच्या किमतीवर बंदर देखभाल कर बसला. सुरुवातीचा दर ०.०४ टक्के होता, पुढे तो ०.१२५ टक्के झाला; म्हणजे हजार डॉलरच्या मालावर सव्वा डॉलर. निर्यातीवरचा हा कर १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, आयातीवरचा चालू राहिला. मग झालं काय? वापरणाऱ्यांनी कर भरला, पण सरकारने तो पुरता खर्चच केला नाही. २०२० च्या सुमाराला या कराच्या निधीत ९ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम साचली होती आणि बंदरं गाळ काढायला पैसे मागत होती. ती रक्कम वापरायची वाट मोकळी करायला २०२० मध्ये कायदे बदलावे लागले. उधळपट्टीची तक्रार करणाऱ्यांनी हा प्रकार जरूर अभ्यासावा.

उरलेला अर्धा मुद्दा मान्य नाही, कारण मार्ग सामायिक असतो. त्याच पाण्यातून मालजहाज जातं, तटरक्षक दलाची नौका जाते, प्रवासी बोट जाते, मासेमारीची होडीही जाते. प्रत्येक बंदराने आपला पूर्ण खर्च तिथल्याच जहाजांकडून वसूल करायचा म्हटलं, तर जिथे चार होड्या आहेत ते छोटं बंदर दुसऱ्याच वर्षी बंद पडेल.

‘खाजगी बंदरं स्वतः करतात.’

करतात, कारण त्यांना जागा निवडता येते. गुजरातमधलं खाजगी मुंद्रा बंदर कुठे बांधायचं हे पाण्याची खोली बघून ठरवता येतं. कोलकात्याला ती मुभा नव्हती. शहर, रेल्वे, कारखाने सगळं हुगळीच्या काठी आधीच उभं होतं.

आणि इथेच मजकुराच्या बाजूने सगळ्यात बळकट पुरावा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. हुगळीतला गाळ वाहून जावा म्हणून सेकंदाला ४०,००० घनफूट पाणी वळवण्याच्या हिशेबाने गंगेवर फराक्का धरण बांधलं. ते १९७५ मध्ये सुरू झालं, तरी गाळ हटला नाही. हल्दिया म्हणजे कोलकाता बंदराचाच समुद्राकडचा भाग; त्याच्या मार्गाचा गाळ काढण्याचा खर्च केंद्र सरकारने वर्षानुवर्षं सोसला, तरी मोठी जहाजं तिथे पूर्ण भाराने येऊ शकत नाहीत. थोडा माल पारादीप किंवा विशाखापट्टणमला उतरवून मग येतात. या खर्चावर प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण योग्य प्रश्न विचारा. कंत्राटदाराला पैसे किती घनमीटर गाळ उपसला यावर मिळतात, की मार्गात किती खोली टिकली यावर? उपशाआधीची आणि नंतरची तळाची मोजणी जाहीर होते का? घनमीटरवर पैसे मिळणार असतील तर गाळ परत येणं कंत्राटदाराच्या फायद्याचंच ठरतं. ही अट बदलायला लावा. निधीच बंद केलात तर हल्दियाच्या मागे असलेले पोलाद कारखाने आणि त्या वाटेने माल मागवणारा नेपाळ, दोघांनाही किंमत मोजावी लागेल.

‘काढलेला गाळ समुद्राचा नाश करतो.’

निष्काळजीपणे टाकला तर करतोच. मायामी बंदर खोल करताना उडालेल्या गाळाखाली प्रवाळ गाडले गेले. पण गाळ फेकायलाच हवा असं नाही. कोचीचं विलिंग्डन बेट बंदराच्या मार्गातून उपसलेल्या मातीवर उभं राहिलं. अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या चेसापीक उपसागरातलं पॉप्लर बेट १८४७ मध्ये १,१०० एकरांहून मोठं होतं. झीज होत होत १९९० च्या दशकात त्याचे जेमतेम पाचेक एकराचे तुकडे उरले होते. मग बाल्टिमोरच्या जहाजमार्गातला गाळ तिथे नेऊन भरायला सुरुवात झाली. आता त्या बेटावर पक्षी अंडी घालतात, कासवंही घालतात.