न दिसणाऱ्या अक्षराची तक्रार

"आडनावात विशेष चिन्हे चालणार नाहीत." एका ऑनलाइन अर्जाने काल मला हे लाल अक्षरांत सुनावलं. आडनाव कुऱ्हाडे. त्यात ना टिंब, ना डॅश, ना ॲट द रेट. मदत क्रमांकावरचे गृहस्थ मात्र समाधी लागल्यासारखे शांत.

"सर, ते चिन्ह काढून टाका."

"कोणतं?"

"दिसत नाहीये का?"

"नाही."

"बरोबर आहे. ते दिसत नाही. पण आहे."

"मग काढू कसं?"

"जिथे दिसत नाहीये तिथे कर्सर न्या, सर."

"अहो, जोडाक्षराच्या पोटात कर्सर शिरत नाही."

"मग कुर्हाडे टाका ना. सिस्टिम घेते, मी आत्ताच टाकून बघितलं."

"ते माझं आडनाव नाही."

"मग इंग्रजीत टाका."

"वर लिहिलंय, नाव फक्त मराठीत."

"हो सर, तो नियमच आहे."

राग याचा की गृहस्थ खरं बोलत होते. चिन्ह होतंच. र, मग हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण, मग ह, असं टाइप केलं की संगणक रेफ काढून ह च्या डोक्यावर ठेवतो. आपल्याला हवा असतो तो आडवा अर्धा र, ज्याला फॉन्टवाले आयलॅश म्हणतात. तो मिळवायच्या वाटा दोन. पहिली: नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ (युनिकोड, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी यादी, तीत ०९३१), हलन्त (०९४डी), ह. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डवर शिफ्ट-जे, डी, यू. दुसरी: साधा र (०९३०), हलन्त, त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर म्हणजे अक्षरं जोडणारी न दिसणारी खूण (२००डी) आणि मग ह. या जॉइनरला रुंदी शून्य, रूप शून्य, काम मोठं. पडद्यावर दोन्ही कुऱ्हाडे हुबेहूब सारखे. आपला कीबोर्ड कोणत्या वाटेने गेला हे तो सांगत नाही. शोधायचं तर मागून एकेक खोडत या: शेवटी टिंबवाला ऱ उरला तर पहिली वाट, साधा र उरला तर दुसरी.

अर्जवाल्याने तपासणी लावलेली असते देवनागरीच्या गटाची, ०९०० ते ०९७एफ. २००डी राहतो विरामचिन्हांच्या वस्तीत, म्हणून तो परका. काही ठिकाणी नाकारायचेही कष्ट घेत नाहीत, गुपचूप गाळतात. मग दऱ्यांचा दर्या होतो आणि घाटात समुद्र येतो. गंमत म्हणजे इमोजीतल्या आई-बाबा-मुलीला एका चौकटीत धरून ठेवतो तो हाच जॉइनर. तो काढला की कुटुंब विभक्त. तिथे त्याला कोणी परका म्हणत नाही.

०९३१ तरी कुठे आपला? आपल्या मुळाक्षरांत टिंबवाला ऱ नाहीच. युनिकोडमध्ये तो द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत उतरवण्यासाठी ठेवलाय. मराठीने त्याचं अर्धं रूप तेवढं वापरायचं. म्हणजे बिऱ्हाड आपलं, सातबारा दुसऱ्याचा.

इथपर्यंत हसता येतं. पण जुन्या नोंदीत आडनाव एका वाटेने आणि नव्या अर्जात दुसऱ्या वाटेने गेलं की संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. "नाव जुळत नाही" हा शेरा येतो, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून कितीही डोळे फोडले तरी फरक सापडत नाही, कारण तो कागदावर नसतोच. कंट्रोल-एफ मारा, तेही निम्म्या नोंदी गाळतं. हेलपाटे अर्थात नाववाल्याने घालायचे.

यावर "आम्ही नॉर्मलायझेशन करतो", म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करतो, असं प्रोग्रामर तोऱ्यात सांगतात. करा की! पण एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या नॉर्मलायझेशनने फक्त र आणि सुटा नुक्ता एकत्र येऊन ०९३१ होतो. जॉइनरवाली वाट तशीच राहते, कारण युनिकोडच्या लेखी ती पहिल्या वाटेशी समतुल्य नाही. नियम हातानेच लिहावा लागतो: ०९३०, ०९४डी, २००डी हे तिघे याच क्रमाने आले आणि पुढे य किंवा ह असला, की त्या तिघांच्या जागी ०९३१, ०९४डी. हा नियम अदृश्य अक्षरं झाडणाऱ्या ओळीच्या आधी ठेवायचा. नंतर ठेवलात तर जॉइनर आधीच कचऱ्यात गेलेला असतो, आणि उरलेला रेफ मुळातला की लादलेला, हे कोणत्याही प्रोग्रामला ओळखता येत नाही.