‘डेटा फोल्डरमध्ये टाका आणि खेळा’: स्कायरिमवरच्या त्या मेसेजला उत्तर

गणपतीत चाकरमानी आले की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात गर्दीबरोबर एखादी हार्ड डिस्कही येते. यंदा डोंबिवलीच्या पुतण्याने डिस्कवर मॉड केलेला, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले बदल (मॉड) घातलेला, अख्खा स्कायरिम हा कॉम्प्युटर गेम आणला आणि इथल्या भाच्याच्या पीसीवर उतरवला. आरती, प्रसाद, जेवण होईपर्यंत कॉपी झाली. गेम उघडला, पण आतलं जग साधंच, मॉडचं नाव नाही. पुतण्याचे सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, शोधायला गेले तर तेही सापडेनात. मग दोघांनी मोबाईलवर फिरणारा तो मेसेज काढला आणि त्याबरहुकूम कामाला लागले. तिसऱ्या दिवशी भाचा माझ्याकडे आला: "मामा, आता लोड केलंय काय गेम बंदच पडता."

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. सांगतो एवढंच: मॉड मॅनेजर (मॉड बसवणारे-सांभाळणारे प्रोग्रॅम) हवेतच कशाला, सगळं थेट डेटा फोल्डरमध्ये टाका. एसकेएसई (मॉडना जास्तीची ताकद देणारं जोड-साधन) कायम सगळ्यात नवीन घ्या. 255 च्या वर मॉड चालत नाहीत. लूट हे मॉडचा क्रम लावणारं साधन एकदा फिरवलं की मॉडमधली भांडणं मिटतात. नको झालेला मॉड कधीही काढा, गेममधल्या घरात शिरून गेममधले 30 दिवस थांबा, सेव्ह साफ होतो. एवढं करूनही क्रॅश झाला तर रॅम वाढवा, नाहीतर सगळं उडवून पुन्हा इन्स्टॉल करा.

या सल्ल्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तो फिरतो. बहुतेक अर्धवट गोष्टी जुन्या, 2011 सालच्या 32 बिट स्कायरिमच्या आहेत. 2016 ची स्पेशल एडिशन 64 बिट आहे आणि आज बहुतेकजण तीच खेळतात.

डेटा फोल्डरपासून सुरू करतो, कारण आमच्या घरचा घोळ तिथलाच. फाईल डेटामध्ये असणं आणि मॉड चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठले प्लगिन (गेममधल्या नोंदी बदलणारी मॉडची फाईल) चालू आणि कुठल्या क्रमाने, हे विंडोज वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटामधल्या स्कायरिमच्या फोल्डरात, प्लगिन्स नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहिलेलं असतं. सेटिंगच्या आयएनआय फाईल आणि सेव्ह असतात डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये. पुतण्याने गेमचं फोल्डर तेवढं आणलं, बाकी दोन्ही डोंबिवलीतच राहिलं. म्हणजे सामान आलं, यादी नाही.

हाताने टाकण्याची खरी अडचण पुढे येते. दोन मॉड एकाच दगडी भिंतीचं टेक्स्चर (पृष्ठभागाचं चित्र) बदलत असतील, तर दुसरा टाकताना विंडोज विचारतं, ‘बदलू का?’ आपण हो म्हणतो आणि पहिल्याची फाईल कायमची जाते. सहा महिन्यांनी एक मॉड काढायचा ठरवला की मेशेस (वस्तूंचे आकार), टेक्स्चर्स आणि स्क्रिप्ट्समधल्या हजारो फाईलींत त्याच्या कुठल्या हे कोण सांगणार? मॉड ऑर्गनायझर 2 प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरात ठेवतो आणि गेम त्याच्यामधून सुरू केला की सगळं डेटामध्येच आहे असा देखावा गेमसमोर उभा करतो. खरा डेटा फोल्डर कोरा राहतो. व्होर्टेक्स वेगळा मार्ग धरतो: डेटामध्ये हार्डलिंक, म्हणजे त्याच फाईलचं दुसरं नाव, बनवतो. म्हणून त्याचं साठवणीचं फोल्डर गेमच्याच ड्राइव्हवर हवं. गेम डी वर आणि साठवण सी वर असेल तर हार्डलिंक बनतच नाही, आणि मग लोक म्हणतात व्होर्टेक्स बिघडलाय.

मॅनेजरमुळे गेम मंदावतो, ही पुतण्याची तक्रार. मॉड ऑर्गनायझरमधून सुरू करताना थोडा उशीर होतो, कबूल. हार्डलिंकचा मात्र खेळताना काही भार नसतो, डिस्कच्या दृष्टीने ती तीच फाईल. आणि हो, गेम प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका. तिथे विंडोजची परवानगी आड येते. डी वर साधं फोल्डर करा, विषय संपला.

एसकेएसईबद्दलचा सल्ला सगळ्यात घातक, कारण ऐकायला शहाणपणाचा वाटतो. एसकेएसई गेमच्या एक्झीमध्ये (मुख्य प्रोग्रॅम फाईलमध्ये) ठरावीक जागी हात घालतं आणि त्या जागा प्रत्येक आवृत्तीत हलतात. म्हणून नवी की जुनी हा प्रश्नच नाही, जोडी जुळते का एवढंच पाहायचं. 1.5.97 ला 2.0.20, 1.6.640 ला 2.2.3, 1.6.1170 ला 2.2.6. आपली आवृत्ती बघायला स्कायरिमएसईच्या एक्झीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. दहा सेकंद लागतात. जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमला वेगळी बांधणी लागते, स्टीमवरची तिथे चालत नाही.

एवढ्याने संपत नाही. बरेच मॉड डेटामधल्या एसकेएसई, प्लगिन्स या फोल्डरात आपली डीएलएल (कोडची फाईल) ठेवतात. तीही जुळायला हवी. अ‍ॅड्रेस लायब्ररी या, त्या जागांचे पत्ते पुरवणाऱ्या मॉडमुळे हा त्रास बराच हलका झाला, पण तिचेही 1.5 आणि 1.6 साठी वेगळे संच आहेत. जुळलं की नाही हे डॉक्युमेंट्समधल्या एसकेएसईच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं, प्रत्येक डीएलएलच्या नावापुढे. नोटपॅडमध्ये उघडते ती फाईल. मला सगळ्यात आश्चर्य याचंच वाटतं: गेम लेखी कळवतोय आणि आपण मेसेज वाचतोय.

255 ची मर्यादा मॉडची नाही, प्लगिनची आहे. प्रत्येक पूर्ण प्लगिनला दोन आकडी हेक्साडेसिमल क्रमांक मिळतो, 00 पासून एफएफपर्यंत एकूण 256. एफएफ गेम स्वतःकडे ठेवतो, एफई हलक्या (‘लाइट’ म्हणून खूण केलेल्या छोट्या) प्लगिनना जातो, म्हणजे पूर्ण प्लगिनना 254 जागा, त्यात स्कायरिम, अपडेट, डॉनगार्ड, हर्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न हे मूळ पाच आलेच. हलके मात्र एकट्या एफईखाली 4096 पर्यंत बसतात. आणि नुसतं टेक्स्चर बदलणाऱ्या मॉडला प्लगिनच नसतं, ते हवे तितके. फक्त चालू खेळात एखाद्या प्लगिनला हलकं करू नका. त्याचे आतले क्रमांक बदलतात आणि सेव्हला जुने सापडत नाहीत.

लूट. चांगलं साधन आहे, मीही वापरतो. पण ते क्रम लावतं, भांडण मिटवत नाही. प्लगिनच्या आत नोंदी असतात: हा दुकानदार, ही तलवार, ही खोली. दोन मॉडने एकाच नोंदीला हात लावला तर यादीत शेवटी असलेल्याची नोंद पूर्ण लागू होते. थोडी याची, थोडी त्याची असं होत नाही. सातबाऱ्याचा विचार करा. थोरल्याने विहिरीची नोंद घातली, धाकट्याने आंब्याची कलमं, पण दोघांनी आपापला उतारा मुळावरून नव्याने लिहून दिला आणि कचेरीत शेवटी आलेलाच कागद धरायचा असं ठरलं. धाकटा शेवटी आला तर कलमं राहतील, विहीर कागदावरून जाईल. आधी कोण, नंतर कोण हे लूट सुचवेल. विहीर आणि कलमं दोन्ही हवीत तर तिसरा कागद लागतो, त्याला पॅच म्हणतात. एसएसई एडिट या साधनात दोन्ही नोंदी शेजारी शेजारी रंगांत दिसतात आणि पॅच तिथेच करता येतो. सुट्या टेक्स्चरच्या भांडणात तर लूटचा संबंधच नाही, तिथे मॉड ऑर्गनायझरच्या डाव्या बाजूचा क्रम चालतो.

मध्येच मॉड काढण्याबद्दल. 30 दिवसांची गोष्ट पूर्ण काल्पनिक नाही: गेममध्ये साधी जागा 10 दिवसांनी आणि साफ केलेलं भुयार 30 दिवसांनी पूर्ववत होतं. पण पूर्ववत होतात त्या पेट्या आणि राक्षस. स्क्रिप्टची चालू अवस्था सेव्हमध्ये कोरलेली असते आणि थांबल्याने ती पुसली जात नाही. टेक्स्चरचा मॉड खुशाल काढा. नवी कामगिरी, नवे सोबती, भूक-थंडीचे नियम असे स्क्रिप्टवाले मॉड काढायचे असतील तर तो टाकण्याआधीच्या सेव्हवर परत जा. रिसेव्हर नावाचं साधन अनाथ स्क्रिप्ट काढू शकतं, पण ते शस्त्रक्रियेसारखं आहे, प्रत घेतल्याशिवाय हात लावू नये. आमच्याकडे जून-जुलैत लाईट केव्हाही जाते, त्यामुळे वेगळ्या नावाने मुद्दाम केलेले दहा-बारा सेव्ह मागे ठेवायची सवय मला आधीपासून आहे. इथे तीच कामी येते.

रॅम. 32 बिटच्या जुन्या गेमला 4 जीबीची भिंत होती, तेव्हाची ही भीती. आज मेन मेन्यू यायच्या आधीच गेम बंद पडत असेल तर पहिला संशय एखादं प्लगिन ज्यावर अवलंबून आहे ते मूळ, म्हणजे मास्टर, प्लगिन गायब असण्यावर घ्यावा. रॅम 32 जीबी केली तरी तो मास्टर उगवणार नाही. मेमरी खरोखर कमी पडते ती बहुधा ग्राफिक्स कार्डवरची. 2के टेक्स्चर बीसी7 या दाबून लहान केलेल्या स्वरूपात सुमारे 4 एमबी, 4के सुमारे 16 एमबी. प्रत्येक मडक्याला आणि कोबीला 4के लावणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की कोबीकडे कोणी बघत नाही.

राहिला शेवटचा उपाय: सगळं उडवा. याने साफ होतं हाच गैरसमज आहे. स्टीम अनइन्स्टॉल करताना साधारणपणे आपण घातलेल्या फाईल तशाच सोडतं, फाईल तपासणीही जादाच्या फाईलना हात लावत नाही. डॉक्युमेंट्समधल्या आयएनआयही तिथेच राहतात. खरंच कोरं करायचं तर गेमचं फोल्डर हाताने पुसावं लागतं. त्यापेक्षा मॅनेजरमध्ये नवं प्रोफाइल (मॉडची वेगळी यादी) करून, नव्या खेळावर, अर्धे मॉड बंद करून बघा. तरी पडला तर दोष उरलेल्या अर्ध्यात, नाहीतर बंद केलेल्यांत. त्या भागाचे पुन्हा अर्धे. ज्याला ज्याची गरज तो त्याच्यासोबत ठेवायचा, एवढी काळजी घेतली आणि दोषी एकच असला, तर शंभर मॉडमधून तो सात फेऱ्यांत हाती लागतो. क्रॅश लॉगर (गेम पडला की अहवाल लिहिणारा मॉड) टाकलेला असेल तर बऱ्याचदा तेवढीही गरज नसते, अहवालात डीएलएलचं किंवा मेशचं नाव येतं.

भाच्याने आणि पुतण्याने मिळून गेम दोनदा उडवून दोनदा उतरवला होता. दर वेळी सुरू करताना इंग्रजीत एक चौकट यायची: एक डीएलएल नीट लोड झाली नाही, गेम बंद करायचा का? दोघांनी दर वेळी ‘नाही’ दाबलं होतं. मी चौकट वाचली. पुतण्याकडून आलेली, 1.5.97 साठीची डीएलएल होती, दोन्ही इन्स्टॉलनंतरही डेटामध्ये तशीच बसलेली. इथला गेम 1.6.1170. तिची नवी आवृत्ती मिळाली, ती टाकली. प्लगिनची टेक्स्ट फाईल आणि सेव्ह पुतण्याने डोंबिवलीला पोचल्यावर पाठवले.