पुढची गाडी का थांबलीये, असा प्रश्न पडतच नाही का कुणाला?

आज झेब्रा क्रॉसिंगवर गाडी थांबवल्याबद्दल मी बोलणी खाल्ली. हो, थांबवल्याबद्दल.

पुण्यातल्या सातारा रोडचं तुम्हाला माहितीये, बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव लेनचा, स्टॉप रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे बसमधून उतरलेल्या प्रत्येकाला अर्धा रस्ता ओलांडूनच फुटपाथला यावं लागतं, हौस म्हणून कुणी येत नाही. सकाळी तशाच एक आजी उतरल्या, हातात कापडी पिशवी, त्यात नारळ आणि हाराची पुडी, गुरुवार म्हणजे शंकर महाराजांच्या मठातच निघालेल्या असणार. एक पाय खाली टाकायच्या, परत वर घ्यायच्या. मी आरशात बघितलं, आधीच दोनदा ब्रेकला पाय लावून मागच्याला लाल लाइट दाखवला, आणि पट्ट्यांच्या अलीकडे थांबले. आजी निघाल्या, माझ्या बॉनेटपुढे आल्या, हात वर करून हसल्या माझ्याकडे बघून, आणि तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूनं एक बाइकवाला सूंऽऽ करून आला. त्याचं हँडल आजींच्या पिशवीला अडकलं, बंद तुटला, नारळ घरंगळत फुटपाथच्या कडेला. आजी वाचल्या, कशा ते त्यांच्या महाराजांनाच माहीत.

आणि हा बाबा पुढे जाऊन थांबला, मागे वळला आणि मला म्हणतो, ''ओ मॅडम, अशी मधेच काय गाडी थांबवता!''

मधेच?? अरे खाली एवढे पट्टे मारलेत ते काय रांगोळी आहे का?

मला सांगा, पुढची गाडी सिग्नल नसताना थांबली की सर्वात आधी डोक्यात काय यायला पाहिजे? ही का थांबली, हेच ना? आपल्याकडे ते येतच नाही, आपल्याकडे येतं ''डावीकडून जागा आहे का''. थांबलेली गाडी म्हणजे समोर काहीतरी आहे जे तिला दिसतंय आणि तुम्हाला दिसत नाहीये, इतकं साधं आहे हे. मी जरा हिशोबच मांडला घरी येऊन, रागात माणूस काहीही करतो. एक लेन ३.५ मीटरची धरा, माझ्या गाडीपुढून जायला आजींना चार सेकंद तरी लागले असणार. ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर पळते. म्हणजे आजींनी चालायला सुरुवात केली तेव्हा हा ५०-५५ मीटर मागे होता. तेवढ्या वेळात त्याला माझे ब्रेकलाइट दिसत होते, रस्त्यावरचे पट्टे दिसत होते, बाजूला बस उभी दिसत होती. आजी दिसत नव्हत्या, मान्य. पण आजी दिसायची वाट कशाला बघायची? बस उभी आहे म्हणजे माणसं उतरणार, माणसं उतरली म्हणजे रस्ता ओलांडणार, हे कळायला आजी दिसाव्या लागतात का? कारण दिसल्यावर उपयोग काय, डोक्यात शिरून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो, म्हणजे १४ मीटर गेलेच, आणि गाडी पूर्ण थांबायला साधारण तेवढेच अजून लागतात.

आणि हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही हेही खरंय. लायसन्स कसं मिळतं? लर्निंगला कॉम्प्युटरवर १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास, या बोर्डचा अर्थ काय नि त्या बोर्डचा अर्थ काय. मग टू व्हीलरवाल्यांनी पाय न टेकता आठचा आकडा काढायचा. मला सांगा, आयुष्यात कुठल्या रस्त्यावर कुणाला आठचा आकडा काढावा लागलाय? पण उभ्या बसच्या पुढून माणूस येऊ शकतो हे कुणी विचारलंय परीक्षेत?

माझी नणंद इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिचा मुलगा तिथे लायसन्सच्या थिअरीत नापास झाला होता, आम्ही सगळे हसलो होतो त्याला. तिथे २००२ पासून परीक्षेत व्हिडिओ दाखवतात, १४ क्लिप असतात, गाडीतून दिसतो तसा रस्ता, आणि धोका तयार होतोय असं वाटलं की क्लिक करायचं. जितक्या लवकर ओळखाल तितके जास्त मार्क, उशीर केला की शून्य, आणि उगाच टकटक क्लिक करत बसलं तरी शून्य. गाडीसाठी ७५ पैकी ४४ लागतात. भाचा म्हणाला होता, ''मामी, बॉल रस्त्यावर आला की मागून पोरगं येणार, हे बॉल बघूनच कळायला पाहिजे.'' तेव्हा गंमत वाटली होती. तिथे झेब्र्याच्या आधी पांढऱ्या नागमोडी रेषा मारलेल्या असतात, आणि क्रॉसिंगला थांबलेल्या पुढच्या गाडीला ओव्हरटेक करायला तिथे कायद्यानंच बंदी आहे. नेमकं जे आज सकाळी झालं, त्यालाच बंदी!

आता येतील, ''आपल्याकडे कुठे चालतं हे, इंग्लंडच्या गोष्टी सांगू नका''वाले. बाबांनो, क्रॉसिंग जवळ आलं की स्पीड कमी करायचा आणि कुणाला धोका नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे आपल्याकडे १९८९ च्या नियमांत लिहिलेलं होतं. वाचलंय कोणी? आपल्याकडे झेब्रा जवळ आला की लोक डिपर मारतात, हेडलाइट चमकवतात, म्हणजे ''मी येतोय, तू थांब''. तिथे डिपर मारतात ते ''तू जा'' म्हणून. भाच्याला सुरुवातीला कळेचना, तो फुटपाथवरच उभा.

बरं, चालणारेही धुतल्या तांदळासारखे नसतात, कानात हेडफोन घालून डिव्हायडरवरून उड्या मारणारे आहेत, माहितीये मला. आणि अचानक करकचून ब्रेक मारला तर मागचा येऊन धडकू शकतो, तेही खरं. पण म्हणूनच तर आधीपासून बघा म्हणते ना मी! आणि आजी कुठे उड्या मारत होत्या, त्या तर पट्ट्यांवरूनच चालल्या होत्या.

खरं सांगू, मला त्या बाइकवाल्यापेक्षा जास्त लागलं ते पुढचं. मी उतरले, नारळ उचलून दिला, म्हटलं ''आजी, लागलं का हो कुठे?'' तर त्या बंद तुटलेली पिशवी छातीशी धरून म्हणतात, ''नाही गं बाई, तू जा, माझ्यामुळं मागची माणसं खोळंबलीत.'' माझ्यामुळं! हात थरथरत होता त्यांचा, आणि मागे हॉर्न चालूच. आयुष्यभर इतकी वर्षं चालल्यावर त्यांना असं वाटतं की रस्ता आपला नाहीच, मेहेरबानीनं जायला मिळतंय. म्हणून तर हात वर करून मला थँक्यू करत होत्या, आणि माझ्याकडे बघत होत्या म्हणूनच दुसऱ्या लेनमध्ये काय येतंय हे त्यांनी बघितलं नाही. हे लिहितानाही घशाशी येतंय काहीतरी.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली ३२ हजार ८२५ नुसती चालत होती. आपण पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड बंद करून पादचारी दिन साजरा करतो. छान वाटतं, मी पण गेलेय, फोटोही टाकलेत. १२ डिसेंबरला काय होतं तेही बघितलंय.

ज्यांना खरंच थांबायचंय त्यांच्यासाठी एकच सांगते, झेब्र्याला नाक लावून थांबू नका. एक गाडीभर मागे थांबा, म्हणजे बाजूच्या लेनवाल्याला चालणारा माणूस दिसतो आणि त्या माणसालाही तो दिसतो. आणि ''या या'' करून हातानं बोलवू नका कुणाला, तुमची लेन तुमच्या हातात आहे, शेजारची नाही. काचेबाहेर हात काढून मागच्यांना थांबायची खूण करा, दिसलं तर दिसलं.

त्या स्टॉपसमोरचे पट्टे निम्मे पुसलेत, आणि पट्ट्यांच्या अगदी अलीकडे डावीकडे कायम रिक्षा आणि टेम्पो लागलेले असतात, त्यांच्या आडून माणूस कधी बाहेर येतो कळत नाही. तिथे उंचवटा करून क्रॉसिंग करा आणि पार्किंग हटवा असा अर्ज लिहिलाय, सोमवारी अकरा वाजता महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात देणारे. धनकवडी, बालाजीनगर, पद्मावतीच्या कुणाला सह्या करायच्या असतील तर कमेंट करा, रविवारी संध्याकाळी घरी आहे. ''काही होत नाही अर्ज करून'' असं लिहिणाऱ्यांनी कृपया पुढच्या पोस्टवर जावं, माझं डोकं आज आधीच फिरलंय.